भिमाचा दगडी टायर

आमच्या दूध संकलन केंद्राच्या मागच्या अंगाला, कडुनिंबाखाली, एक टायर पडलेला आहे. कुठल्याशा छोट्या पण महागड्या परदेशी कारचा. पोरं त्यावर बसून गप्पा मारतात, शेजारची कोंबडी त्यात अंडी घालते. मी रोज सकाळी तिकडून जाताना त्याला एक लाथ घालतो. माझं वय अठ्ठावन्न, गुडघे दुखतात, आणि तो टायर जागचा हलतसुद्धा नाही. तरी घालतो. या टायरनं भिमा ढेबेचा पाय मोडला असं विंझरमध्ये सगळे सांगतात. गाव अर्धंच सांगतं आणि मला अर्ध्या गोष्टींची चीड आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

भिमा पालीकडचा. राजगडाच्या पायथ्याला पाली आणि पालीच्या वर, डोंगराच्या सोंडेवर, सात-आठ घरांचा धनगरवाडा. तिथं भिमा, त्याची बायको सगुणाबाई आणि नऊ म्हशी. वाड्यावरच्या सगळ्या घरांचं दूध गोळा करून मोटारसायकलला दोन बाजूंना किटल्या अडकवायच्या आणि पंधराएक किलोमीटर खाली विंझरला आमच्या केंद्रावर आणून घालायचं, हे त्याचं काम. गेली सतरा वर्षं तो ते करत होता. माणूस बुटका, काटक आणि बोलायला महाकंजूस. म्हशींशी मात्र भरपूर बोलतो, असं सगुणाबाई सांगते, आणि सांगताना तिच्या आवाजात थोडी तक्रार असते.

त्याच्या दोन सवयी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पहिली. भिमा म्हशीच्या कुशीवर हातानं थाप मारतो आणि आवाजावरून ती पोटभर चरली की अर्धपोटी आली ते सांगतो. त्याचा बाप सांगायचा, आजा सांगायचा. हीच परीक्षा तो गाडीलाही लावायचा. निघण्याआधी मागच्या टायरला टाचेनं दोन ठोकर. आवाज टणक आला की हवा आहे, बसका आला की नाही. हवा मोजायचं मीटर त्यानं आयुष्यात कधी लावून घेतलं नव्हतं आणि त्याची टाच कधी चुकलीही नव्हती.

दुसरी. त्यांच्या घरात दूध मातीत ओतत नाहीत. नासलं तरी नाही. चुकून सांडलंच तर आधी त्यावर ओंजळभर पाणी टाकायचं, मग बाकीचं काम. का, ते विचारलं तर भिमा म्हणायचा, तसंच आहे.

आता माझ्याविषयी. मी या केंद्राचा सचिव, आनंदराव. लोक अण्णा म्हणतात. माझा नियम साधा होता. सकाळी साडेसातला शटर खाली, कारण पावणेआठला टँकर निघतो. बावीस वर्षांत माझं शटर एक मिनिट उशिरा पडलं नाही. हे मी लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला सांगत असे, आणि शेजारच्याला दोन घास बाजूला ठेवून ऐकावं लागत असे.

भिमाला उशीर व्हायचा तो सोमवारी. सोमवारीच का, हे पालीच्या रस्त्यावरून सोमवारी सकाळी जो चालला असेल त्याला विचारावं लागणार नाही. शनिवार-रविवारी पुण्याहून मंडळी गड बघायला येतात. येईनात बापडी, गड काय माझ्या बापाचा नाही. चांगली माणसंही येतात, कचरा पिशवीत भरून परत नेणारी. पण त्यांच्यातच अशीही येतात की जी गडावर जयजयकार करतात आणि उतरल्यावर रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसून बाटल्या रिकाम्या करून रस्त्यावर फोडतात. नुसत्या टाकत नाहीत, फोडतात. फोडण्याचा आवाज त्यांना आवडतो. सोमवारी त्या काचा भिमाच्या टायरमध्ये निघायच्या. दोन किटल्यांच्या ओझ्याखाली गाडी मटकन बसायची, आणि भिमा ती ढकलत पंक्चर काढणाऱ्यापर्यंत यायचा. एवढ्या पहाटेचं कोण दुकान उघडून बसलंय त्याच्यासाठी.

फेब्रुवारीत लागोपाठ दोन सोमवार त्याला उशीर झाला. पहिल्या सोमवारी मी शटर पाडलं आणि दूध परत पाठवलं. दुसऱ्या सोमवारी तो सात पस्तीसला आला. घामानं निथळत होता, वाटेत स्वतःच चाक खोलून हात ग्रीसनं काळे झालेले, शटर नुकतं खाली आलेलं. आठ-दहा माणसं उभी होती. मला ऐकणारी माणसं दिसली की माझी जीभ सुटते. मी म्हणालो, "भिमा, गाडी चालवता येत नसंल तर म्हशी इकून टाक. लोकांचा खोळंबा करू नगंस."

खोळंबा कुणाचाच झाला नव्हता, सगळ्यांचं दूध घालून झालं होतं. दुसरा कुणी असता तर तिथंच गटारात किटल्या उपड्या करून, चार शिव्या हासडून गेला असता. भिमानं भरल्या किटल्या परत गाडीला अडकवल्या आणि उन्हातून पंधरा किलोमीटर वर नेल्या. सगुणाबाईनं दिवसभर चुलीपुढं बसून त्याचा खवा आटवला. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

त्याच आठवड्यात तो शिवऱ्याला गेला. हायवेच्या कडेला तिथं एक टायरवाला आहे. मोठ्या मोठ्या गाड्यांचे उतरवलेले टायर त्याच्याकडं येतात, त्यांच्या चवडी रचून तो बसलेला असतो. त्यानं भिमाला एक टायर दाखवला. पंक्चर झालं तरी न बसणारा. त्याच्या कडा इतक्या जाड आणि कडक की आतली हवा सगळी गेली तरी गाडी नुसत्या त्या कडांवर उभी राहते आणि ऐंशी किलोमीटर जाते. कारवाल्यांना गॅरेज गाठता यावं म्हणून तो केलेला. भिमाला पंधराच जायचं होतं. त्याला वाटलं, देवानं माझ्यासाठीच केलाय.

हा टायर साध्या मोटारसायकलला बसत नाही. म्हणून त्यानं आपली जुनी गाडी देऊन दुसरी घेतली. शहरातल्या कुणाची हौस फिटलेली, लांब, बसकी, मागचं चाक लहान पण जाडजूड. बसकी असल्यामुळं किटल्या खाली लोंबतात, तोल जात नाही, हा वर फायदा. चाक आणि टायर घेऊन तो आधी आमच्या गोरखकडं आला. गोरखचं पंक्चरचं दुकान माझ्या केंद्रासमोरच आहे. गोरख हा माझ्याहून तापट माणूस, आणि आमच्या दोघांच्या मध्ये रस्ता आहे म्हणून गावात शांतता आहे. त्यानं टायर हातात घेतला, अंगठ्यानं कड दाबून बघितली, ती दबेना, आणि टायर रस्त्यावर भिरकावून दिला.

"कार वळणाला कलती का?" त्यानं भिमाला विचारलं. "न्हाई. ती चारी पायांवर उभी ऱ्हाती. तुजी गाडी कलती. ह्यो टायर उभं ऱ्हायला केलाय, कलायला न्हाई. रिमच्या कडंला त्यो नीट धरायचाबी न्हाई. आन हवा गेली तर कारमदी दिवा लागतो म्होरं. तुला कोन सांगनार?"

भिमानं टायर उचलला, झटकला आणि म्हणाला, "साडेसातला शटर पडतं."

एवढंच. तो शिवऱ्याला परत गेला. टायरवाल्यानं शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मागचं चाक धरणारा चिमटा रुंद करून घेतला, साखळी घासू नये म्हणून वॉशर घालून चाक थोडं सरकवलं, आत ट्यूब घातली आणि टायर चढवून दिला. गोरखनं दोन दिवसांनी ते पाहिलं आणि शिव्या दिल्या. मग निदान एवढं तरी कर म्हणाला, दर आठवड्याला माझ्याकडं ये, मीटर लावून हवा बघू, टाचेवर जाऊ नकोस. भिमानं मान हलवली. पण गोरख दुकान उघडतो नऊला आणि नऊला भिमा वर म्हशी सोडून रानात गेलेला असतो. ते मीटर त्या टायरला कधीच लागलं नाही.

आणि मी काय केलं? मी त्याचं कौतुक केलं. मार्चपासून भिमा रोज सात दहाला माझ्या दारात. सोमवारीसुद्धा. मी चार माणसांपुढं म्हणालो, याला म्हणतात काळजी, नाहीतर तुम्ही. लोक त्याला दगडी टायर म्हणू लागले. कुणी चेष्टेनं बाभळीची फांदी आडवी टाकायचं आणि भिमा तिच्यावरून गाडी घालून दाखवायचा. सतरा वर्षांत मी त्याला दात दाखवून हसताना पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. त्या हसण्याचं मी श्रेयसुद्धा घेतलं. म्हणालो, बोललो म्हणून सुधारला.

गाडी मात्र त्याच्या अंगवळणी पडली नव्हती. ती सरळ जायला राजी, वळायला नाराज. वळणावर तिला रेटून वळवावं लागायचं. रोज जाऊन-येऊन तीस किलोमीटर, आणि आमच्याकडच्या रस्त्याला सरळ म्हणावा असा तुकडा बोटावर मोजण्याइतका. तो संध्याकाळी खांदे चोळून घ्यायचा. सगुणाबाई म्हणायची, गाडी चालवून येता का कुस्ती करून येता. तो म्हणायचा, येळंवर पोचतो ना.

घटस्थापनेच्या आधीचा रविवार होता. दूध घालून झाल्यावर भिमा रेंगाळला. तो कधी रेंगाळत नाही. म्हणाला, "अण्णा, चार-दोन दिस झालं, वळणाला गाडी मागनं हालल्यावानी वाटतीया. जरा बगता का?"

मी दुधाची फॅट तपासायचं मशीन धूत होतो. ओल्या हातानं बाहेर आलो आणि टायरला एक लाथ घातली. दगडासारखा लागला. भिमानंही टाचेनं ठोकून बघितलं. टणक.

"दगड हाय की," मी म्हणालो. "तुज्या मनाचं खेळ हायेत. जा."

समोर गोरखचं दुकान बंद होतं. नऊपर्यंत थांब, असं मी म्हणालो असतो तर तो थांबला असता. तो माझं ऐकायचा, हाच तर सगळा घोळ आहे.

गुरुवारी सात दहा वाजले, सव्वासात वाजले, भिमा आला नाही. मला काय वाटलं ते लपवत नाही. मला राग आला. म्हटलं, हा परत सुरू झाला. मी शटरच्या साखळीकडं बघत उभा राहिलो. सात वीसला फोन वाजला. साखर गावाच्या पुढच्या वळणावर दूधवाला पडलाय, पाय गेलाय, लवकर या. टँकर नुकताच येऊन लागला होता. मी चालकाला, सिद्धनाथला, थांब म्हणून ओरडलो आणि दूध घ्यायला केंद्रावर आलेल्या गोरखला मागं बसवून स्कूटर काढली.

वळणावर पावसानं वाहून आलेली खडी पसरलेली होती. गाडी आडवी. मागचा टायर रिममधून अर्धा निसटून बाहेर लोंबत होता. भिमा कडेला बसलेला, डावी नडगी नको तिथं वाकलेली. दोन्ही किटल्या उघड्या, आणि सगळ्या वाड्याचं दूध डांबरावरून वाहत कडेच्या मातीत जिरत होतं. पाच-सहा माणसं जमली होती. भिमा पाणी मागत होता. कुणीतरी बाटली दिली. सगळ्यांना वाटलं तो पिणार. तो हातांवर घसटत पुढं सरकला, मोडका पाय मागं ओढत, ओंजळीत पाणी घेतलं आणि त्या दुधावर टाकलं. एकदा नाही. दूध जिथवर गेलं होतं तिथवर त्याचा हात पोचत नव्हता, म्हणून तो आणखी सरकायला बघत होता. शेवटी गोरखनं बाटली घेतली आणि उरलेल्या दुधावर त्यानं पाणी शिंपडलं.

मग भिमानं मला पाहिलं. मला वाटलं आता हा मला काय म्हणेल.

"अण्णा," तो म्हणाला, "टँकर गेला का?"

एका टेम्पोत घालून त्याला दवाखान्यात पाठवलं, गोरख बरोबर गेला. मी परत आलो तेव्हा साडेआठ वाजत आले होते. टँकर तसाच उभा होता. सिद्धनाथ चाकाला टेकून मोबाईल बघत होता. मी त्याला म्हणालो, माफ कर बाबा, आज तुझा फार खोळंबा झाला, डेअरीच्या प्लांटवर तुला बोलणी खावी लागणार.

तो माझ्याकडं नवलानं बघायला लागला. म्हणाला, "कसली बोलणी? धा वाजायच्या आदी तितं आत घेतच न्हाईत. म्या रोज वाटंत नसरापुरात तासभर उभा असतो."

मी विचारलं, मग पावणेआठला इथून निघतोस का?

"तुमी शटर पाडता म्हनून," तो म्हणाला. "हितं उभं ऱ्हाऊन काय करू?"

बावीस वर्षं. मी शटर पाडायचो टँकर निघतो म्हणून, आणि टँकर निघायचा मी शटर पाडतो म्हणून. मध्ये चालक चार बदलले. एकालाही मी विचारलं नव्हतं, बाबा, दहा मिनिटं थांबलास तर चालेल का? विचारायला तोंड कमी नव्हतं मला. त्याच तोंडानं मी भिमाला म्हशी विकायला सांगितल्या होत्या.

दोन दिवसांनी गोरखनं माझ्यासमोर टायर सोडवला. आतून ओंजळभर काळी भुकटी पडली, कोळशाच्या चुऱ्यासारखी. ट्यूबच्या चिंध्या झाल्या होत्या. गोरख ती भुकटी बोटांत चोळत म्हणाला, ह्या टायरमध्ये आठ-दहा दिवस हवाच नव्हती, तो आतल्या आत दळला जात होता. म्हणजे रविवारी मी लाथ घातली तेव्हा तो पोकळ होता. भिमाची टाच, माझी लाथ, दोन्हींना तो टणकच लागला, कारण हवा गेल्याचं कळू न देण्यासाठीच त्याच्या कडा तशा केलेल्या. कारला दिवा आहे. भिमाला मी होतो.

तो टायर घेऊन मी शिवऱ्याला गेलो आणि त्या टायरवाल्याशी भांडलो. मोटारसायकलला हा चालत नाही हे तुला ठाऊक होतं की नाही, असं विचारलं. तो म्हणाला, गिऱ्हाइकानं मागितला, मी दिला. मी दुकान डोक्यावर घेतलं, माणसं जमली. तो शांतपणे म्हणाला, "काका, त्याला इतकी घाई कसली व्हती, ते विचारलं का तुमी?" मी स्कूटर काढली. येताना तो टायर मात्र त्याला परत दिला नाही, आणून कडुनिंबाखाली टाकला.

आता केंद्राचं शटर सव्वाआठला पडतं. जगबुडी झालेली नाही. वाड्यावरचं दूध सगुणाबाई जीपमधून पाठवते.

मी भिमाला भेटायला वर गेलो ते दिवाळीनंतर, त्याआधी तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. पालीपासून चढताना तीनदा बसलो. भिमा अंगणात बाजेवर होता, पायात सळई, शेजारी काठी. एक म्हैस त्याच्यापाशी येऊन उभी होती आणि तो बसल्या बसल्या तिच्या कुशीवर थाप मारत होता. सगुणाबाईनं मला चहा दिला, पण ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं तिनं. मी वाटेत ठरवलेलं सगळं विसरलो. माफीचे शब्द मला पहिल्यापासून येत नाहीत. सव्वाआठचं सांगितलं, तेही नियम सांगावा तसं.

भिमा ऐकत होता. मग म्हणाला, "त्या दिशी टँकर थांबला व्हता म्हनं."

"व्हय."

"किती येळ?"

"तासभर."

त्यानं म्हशीच्या कुशीवरचा हात खाली घेतला आणि आपल्या मोडलेल्या पायावर ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"मंजी थांबतो व्हय त्यो," भिमा म्हणाला.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि डोंगर उतरायला लागलो.